मी, अंबिकाबाईंच्या पोटातला पंप

मित्रांनो, पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सायकलीत हवा भरायचा पंप येतो, नाहीतर चाळीच्या टाकीत पाणी चढवणारा. मी त्यांच्याच जातकुळीतला, पण माझा पत्ता वेगळा आहे. अंबिका कुशाबा चिंदरकर, लालबाग, यांचं पोट, उजवी बाजू, बेंबीपासून चार बोटं दूर, कातडीच्या आत. तिथे मी गेली सहा वर्षं मुक्कामाला आहे. आता जुना झालो, आणि जुन्या माणसांसारखी मलाही बोलायची खोड लागली आहे. तेव्हा जरा ऐकून घ्या.

मी पुरीएवढा गोल आणि दोन बोटं जाड आहे. टायटॅनियम नावाच्या धातूचा आहे, त्यामुळे गंजायची भीती नाही. माझ्या पोटात चार चमचे औषध मावतं. म्हणजे बाईंच्या पोटात मी आणि माझ्या पोटात औषध, असा आमचा संसार. माझ्यातून शेवईसारखी बारीक नळी निघते, कातडीखालून कमरेला वळसा घालते आणि पाठीच्या कण्यात शिरते. दुखण्याची वर्दी मेंदूकडे जाते ती तिथूनच. त्या वाटेवर मी औषधाचा अगदी कणभर थेंब सोडत राहतो, दिवस नाही, रात्र नाही. हेच औषध बाई पूर्वी गोळ्यांतून घ्यायच्या, तेव्हा दुखणं राहायचं जागच्या जागी आणि बाईच दिवसभर गुंगीत असायच्या. माझ्याकडून त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी औषध पुरतं. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण मला तोंडच नाही, मग चालतं.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. तिथे सगळे डोक्याला टोप्या आणि तोंडाला फडकी बांधून काम करत. मला पाण्यात बुडवलं, हलवलं, वाजवून पाहिलं आणि खोक्यात घातलं. कौतुकाचा एक शब्द कुणी बोललं नाही. कौतुक म्हणजे काय ते मला लालबागला आल्यावर कळलं.

आता आमच्या बाईंची ओळख करून देतो. अंबिकाबाई आखणी करतात. आखणी म्हणजे गणपतीच्या मूर्तीचे डोळे काढणं. मूर्ती घडते, वाळते, रंग चढतो, सोनेरी मुकुट चमकतो, तरी तोवर ती नुसती मूर्ती असते. बाई पाटावर बसतात, मूर्ती गुडघ्यांशी ओढून घेतात, चार केसांचा कुंचला काळ्या रंगात बुडवतात, श्वास रोखतात आणि बुबुळ भरतात. की झालं, बाप्पा तुमच्याकडे बघायला लागले. परळच्या विनीतच्या कारखान्यात तीस वर्षं बाईंनी हे काम केलं, आधी त्याच्या आजोबांच्या हाताखाली, मग वडिलांच्या. आखणी चालू असताना तिथे रेडिओ बंद, रंगाच्या फवाऱ्याचं मशीन बंद, गप्पा बंद. हा तिथला रिवाजच आहे.

पण तीस वर्षं मान मोडून बसलं की पाठ आपला हिशेब चुकता करतेच. बाईंच्या मणक्यातली गादी सरकली. दोन ऑपरेशनं झाली. फोटोत सगळं ठीक दिसायचं आणि बाई मात्र कमरेपासून पायापर्यंत आग आग होऊन तळमळायच्या. चार वर्षं त्या खाटेवर होत्या. दुखणं दिसत नाही ना, मित्रांनो, तिथेच घोळ होतो. हाताला प्लास्टर असलं तर लोक बिस्किटाचा पुडा घेऊन येतात. बाईंना बघायला यायचे ते म्हणायचे, चेहरा तर छान दिसतोय. शेजारची नलू एकदा जिन्यात बोललीसुद्धा, की कामाचा कंटाळा आला की पाठच दुखते माणसाची. ते बाईंच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून त्यांनी ‘दुखतंय’ हा शब्दच तोंडातून काढला नाही. त्यांचे यजमान कुशाबा खाटेशेजारी स्टूल टाकून बसून राहायचे. ते विचारायचे, “तुका दुखता काय गो?” बाई भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, “काय नाय.”

मग परळच्या मोठ्या इस्पितळात दुखण्याच्या डॉक्टर मीनाक्षी भेटल्या. फक्त दुखण्यावरच उपचार करणारे डॉक्टर असतात हे कुशाबांना तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी आधी कण्यात एक सुई देऊन पाहिली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा बाई उशीशिवाय बसल्या. तेव्हा माझा नंबर लागला. माझ्या किमतीसाठी कुशाबांनी कुठल्या कुठल्या ट्रस्टच्या दारांत चपला झिजवल्या ते मी सांगत बसत नाही. तेव्हा मी खोक्यात होतो.

मला बसवल्यावर बाई घरी आल्या. सून दर्शना सकाळी उठून बघते तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या, तव्यावर घावणे. दर्शना म्हणाली, “आई, तुम्ही उभ्या आहात.” बाई म्हणाल्या, “मगे घावणे काय बसून घालू?” आणि दोघी रडायला लागल्या आणि घावणा करपला. कुशाबांनी तो करपलेलाच खाल्ला. मित्रांनो, तो दिवस आठवला की आजही मला माझा अभिमान वाटतो. बाई पुन्हा कारखान्यात जाऊ लागल्या. रोज दोन तास पाटावर बसून काम करायचं, मग उठायचं, चालायचं, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं.

माझं पोट मात्र दर अडीच महिन्यांनी भरावं लागतं. डॉक्टर कातडीवरून सुई घालतात, माझ्या मधोमध एक छोटं दार आहे तिथून उरलेलं औषध काढतात, नवं भरतात. चाळीत त्याला ‘अंबिकाची टाकी भरायची’ असं म्हणतात. औषध तळाला गेलं की मी वाजतो, टींऽ टींऽ. पहिल्याच वेळी डॉक्टरांनी बाईंना तो आवाज यंत्रावर ऐकवला होता. पण एवढ्या वर्षांत टाकी कधी रिकामी झालीच नाही, त्यामुळे मलाही वाजायची वेळ आली नाही आणि बाईही विसरल्या.

आणि मग अधिक श्रावण आला.

झालं काय, त्या साली डॉक्टरांनी पुढची तारीख दिली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. कुशाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं आणि म्हणाले, “बरा झाला. संकष्टी आसा, श्रावणातली. इसरूक होवची नाय.” बाई दर संकष्टीला उपास धरतात, तेव्हा हे डोक्यात पक्कं बसलं आणि इस्पितळाचा कागद गेला डब्यात. पण त्या साली श्रावण दोन होते. आधी अधिक, मग निज, म्हणजे खरा. आणि बाईंच्या आईने लहानपणीच सांगून ठेवलेलं, की अधिकात दानधर्म करावा, जप करावा, पण आपली ठरलेली कामं तेवढी निजात. झालं. ऑगस्टमधली संकष्टी आली, बाईंनी साबुदाणा भिजवला आणि म्हणाल्या, हा अधिकातला, आपला श्रावण पुढे आहे. तारखेच्या दोन दिवस आधी इस्पितळातून सिस्टरचा फोनही आला होता. बाईंच्या हातात कुंचला होता. फोन खांद्याने कानाशी धरून म्हणाल्या, “हो हो, संकष्टीलाच येते मी, काळजी नको.” सिस्टरला वाटलं, वा, किती जबाबदार पेशंट.

मी आतून बघत होतो. डॉक्टर हुशार, पंधरा दिवस हातचे राखूनच तारीख देतात. पण ते पंधरा दिवस गेले. खरा श्रावण लागला, नागपंचमी झाली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पोटातलं औषध रेषेखाली गेलं. मी वाजलो.

कोण ऐकणार? कारखान्यात फवाऱ्याचं मशीन घुर्रघुर्र करत होतं. मी तासाने पुन्हा वाजलो. बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता. तिसऱ्या वेळी मात्र आखणी चालू होती. सगळीकडे चिडीचूप. बाईंनी सव्वा फुटी बालगणेश गुडघ्यांशी घेतलेला, त्याची बेंबी आणि माझी जागा समोरासमोर. आणि मी वाजलो. टींऽ टींऽ.

विनीत म्हणाला, “कुणाचा मोबाईल रे?”

सगळ्यांनी खिसे चाचपले. कुणाचाच नव्हता. एक कारागीर भिंतीवरचं घड्याळ काढून हलवून आला. मग सगळे हळूहळू त्या बालगणेशाकडे बघू लागले. बाई उठून चहा प्यायला गेल्या, मूर्ती गप्प. बाई परत येऊन बसल्या, तासाच्या ठोक्याला मूर्ती वाजली. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. लालबाग-परळ आहे हो. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या ताडपत्रीबाहेर रांग लागली होती. दर तासाला बाप्पा बोलतो, असं म्हणत बायका तबकं घेऊन उभ्या. विनीतने दोरी बांधून येण्याची एक आणि जाण्याची एक वाट केली. ती मूर्ती ज्यांनी सांगून ठेवली होती ते माझगावचे मनमोहनकाका, गोदीतले जुने हेडक्लार्क, खुर्ची टाकून मूर्तीशेजारी बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले की हे आमच्याकडे येणार आहेत.

माझी काय गत झाली असेल? मी जीव तोडून ओरडतोय की टाकी रिकामी होतेय, आणि समोरून आवाज येतोय, मंगलमूर्ती मोरया. आयुष्यात पहिल्यांदा बोललो, आणि बोलण्याचं श्रेय दुसऱ्याला. खोटं कशाला सांगू, मला हसूही येत होतं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तळ गाठला की मला औषध नीट ओढता येत नाही, धार तुटायला लागते. आणि हे औषध एकदम तुटलं तर नुसतं दुखणं परत येत नाही. घाम फुटतो, अंग थरथरतं, माणसाच्या जिवावर बेततं. कमरेतली आग आधी ठिणगीसारखी आली. बाईंनी ओठ चावला आणि काम चालू ठेवलं.

घरी दोन रात्री चाळीतल्या टीव्ही-पंख्यांच्या आवाजात मी बुडून गेलो होतो. त्या तिसऱ्या दिवशी दुपारी बाई जेवायला घरी गेल्या. दर्शना वाढत होती. मी वाजलो. दर्शनाच्या हातातला डाव तसाच राहिला. ती म्हणाली, “आई, बाप्पा तुमच्यामागून घरी आले की काय?”

तेव्हा बाईंना आठवलं. मला कळलं, कारण त्यांनी पदराखालून माझ्यावर हात ठेवला. त्यांना सगळं एका क्षणात आठवलं, डॉक्टरांनी ऐकवलेला आवाज, अधिक, निज, सगळं. आता सांगतील, म्हणून मी वाट बघत राहिलो. बाई म्हणाल्या, “नलूचो मोबाईल आसतलो.” आणि वरणभात कालवायला लागल्या.

मित्रांनो, मला असा राग आला म्हणून सांगू. पण नंतर विचार केला तेव्हा समजलं. त्यांना वाटलं, पंप बिघडला. पंप बिघडला म्हणजे पुन्हा ती खाट, पुन्हा ती भिंत, पुन्हा जिन्यातलं बोलणं. शब्द तोंडातून काढला की ते सगळं खरं होईल, अशी भीती. म्हणून निजातल्या संकष्टीपर्यंत दिवस ढकलायचे आणि तोवर कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. संकष्टी दहा दिवसांवर होती. माझ्याकडे औषध दोन दिवसांचंही नव्हतं.

चौथ्या दिवशी त्या बालगणेशाचे डोळे पुरे करायचे ठरले. एक डोळा झाला होता, दुसरा बाकी होता. ताडपत्रीबाहेर गर्दी मावेना. दर्शना आणि कुशाबासुद्धा बघायला आले होते, आणि नलूही होती, ताजा मोगरा माळून. मनमोहनकाका हात जोडून पुढ्यात. विनीतने रेडिओ बंद केला, मशीन बंद केलं. गर्दी आपोआप गप्प झाली.

बाईंनी कुंचला उचलला. त्यांची पाठ आता पेटली होती. कपाळावर घाम होता आणि तो उकाड्याचा नव्हता. तीस वर्षांत जो हात केसभर हलला नाही तो हलत होता. कुंचल्याचं टोक मूर्तीच्या पापणीपाशी आलं आणि थरथरलं. अजून एक सूत पुढे गेलं असतं तर डोळा बिघडला असता. बाई थांबल्या. मी जेवढा होता तेवढा जोर लावून वाजलो.

“बोलला, बोलला,” गर्दी पुटपुटली. कुणीतरी हात जोडले.

बाईंनी कुंचला खाली ठेवला. मूर्तीच्या पायांना हात लावला. मग पाटावरूनच मान वर केली आणि चार दिवसांत नाही, इतक्या वर्षांत जे बोलल्या नव्हत्या ते एवढ्या लोकांसमोर बोलल्या.

“आवाज देवाचा नाही. माझ्या पोटात दुखण्याचा पंप आहे, त्याचा आहे. औषध संपलंय. तारीख मी चुकवली. आणि मला दुखतंय. लई दुखतंय.”

विनीतचा चेहरा उतरला, ते मला पदराच्या आतूनही जाणवलं. त्याची रांग, त्याची दोरी, सगळं एका वाक्यात गेलं. बाईंना वाटलं, आता लोक हसतील. पण मनमोहनकाका खुर्चीतून उठले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “म्हणजे आम्ही चार दिवस एका बाईच्या दुखण्याची आरती केली. आणि विचारलं कुणीच नाही. शोभतं का आपल्याला?” मग विनीतकडे वळले. “उभा काय राहिलायस रे? गाडी काढ.”

नलू सगळ्यांच्या आधी पुढे आली. तिने बाईंच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि म्हणाली, “माझ्या अंगावर भार टाक अंबिका, सगळा टाक.” आणि मग ती रांग, चार दिवस तबकं घेऊन उभी असलेली, मधून दुभंगली. कुणी ट्रकवाल्याला मागे घ्यायला लावलं, कुणी चौकात हात करून बस थांबवली. एक म्हातारी म्हणाली, “देव नसेना का, सांगायचं ते सांगितलंनच ना त्याने.” विनीतच्या टेम्पोत काल रंगवलेले दोन उंदीरमामा होते, त्यांच्यामध्ये बाईंना बसवलं आणि आम्ही निघालो. इस्पितळ दहा मिनिटांवर. मागून लोकांनी मोरया केला, आणि खरं सांगतो, तो थोडा माझ्यासाठीही होता.

डॉक्टर मीनाक्षींनी सुई घातली तेव्हा माझ्यात चहाच्या बशीला चिकटावं एवढंच औषध होतं. त्यांनी टाकी भरली, यंत्र लावून माझा आवाज बंद केला. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “कुठली संकष्टी धरली होतीत?” कुशाबांनी अधिक आणि निज समजावून सांगितलं. डॉक्टर हसल्या, मग हसणं थांबवून त्यांनी विचारलं, “दुखायला कधी लागलं?”

“दोन दिस झाले,” बाई म्हणाल्या.

कुशाबा स्टुलावर बसले होते. ते खाली बघत म्हणाले, “माका पण सांगूक नाय तू.”

बाई म्हणाल्या, “तुमी परत तसेच स्टुलार बसून ऱ्हवलात असतास. ता माका बघवना नाय.”

“आणि मी बसलंय तो कित्याक? माका सांगशीत म्हणान.” कुशाबांनी त्यांचा हात हातात घेतला. सिस्टर आत येऊन परत बाहेर गेली.

दोन रात्री त्यांनी बाईंना ठेवून घेतलं. मी नव्या औषधाने तट्ट भरलेला, मन लावून काम करत होतो. आठवड्याने बाई कारखान्यात गेल्या, पाटावर बसल्या, श्वास रोखला आणि दुसरा डोळा एका झटक्यात भरला. विनीतने आता आखणीच्या पाटाशेजारी टेकायची खुर्ची ठेवली आहे. मनमोहनकाका मूर्ती न्यायला आले तेव्हा म्हणाले, आता बोलला नाही तरी चालेल, बघतोय हे पुष्कळ आहे. चाळीत नलूने माझ्या तारखा स्वतःच्या भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत, इंग्रजी महिन्यांप्रमाणे.

आता माझी बॅटरी उतरत आली आहे. येत्या वर्षात मला काढतील आणि याच जागी नवा पंप बसवतील. वाईट वाटतं, नाही म्हणत नाही. पण मित्रांनो, जाण्याआधी एक मागणं आहे. माझ्यासारखे पंप फार थोड्यांच्या पोटात असतात. बाकीच्यांच्या दुखण्याला टींऽ टींऽ करायला कुणी नाही. तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून ‘काय नाय’ म्हणत असेल, तर चेहरा छान दिसतोय म्हणून निघून जाऊ नका. बसा. पुन्हा विचारा.

कुशाबा रोज संध्याकाळी विचारतात. डॉक्टरांनी शिकवलंय तसं, दहापैकी किती. परवा बाई ओट्यापाशी घावणे घालत होत्या, वळून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आज तीन. जरा बसते, तव्याकडे तुमी बघा.”